सम कुठे आहे, एवढंच सांगा: आल्फाथीटा कंपनीला खुलं पत्र

॥ श्री ॥

प्रति,
आल्फाथीटा कॉर्पोरेशन,
योकोहामा, जपान

विषय: प्रो डीजे लिंकच्या (तुमची यंत्रं केबलवरून एकमेकांशी बोलतात त्या भाषेच्या) संदेशांचा तपशील जाहीर करण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी पुण्यातला लाइटवाला. क्लब, लग्नातलं संगीत, कॉलेजचं गॅदरिंग, आणि सीझनला गोव्यात वागातोर-हणजुण्याच्या बाजूला, जिथून बोलावणं येईल तिथे लाइट चालवायचा डेस्क घेऊन जातो. माझ्या पुढ्यात जवळजवळ नेहमी तुमचीच यंत्रं असतात: दोन किंवा चार सीडीजे, म्हणजे डीजे गाणी वाजवतो ते प्लेअर, आणि मध्ये मिक्सर. ती मी कधी विकत घेतली नाहीत, पुढेही घेईन असं वाटत नाही. ती भाड्याने येतात. डीजेच्या रायडरमध्ये, म्हणजे अटींच्या यादीत, मॉडेल नंबरसकट लिहिलेली असतात, आणि दुसरं काही मांडलं तर आयोजकाला लगेच फोन जातो. म्हणजे सरळ हिशोबाने मी तुमचा ग्राहक नाही. तरीही तुमच्या यंत्रांकडे माझ्याइतकं टक लावून बघणारे लोक थोडेच असतील, कारण डीजेचा हात कुठे जातोय हे बघण्यावरच माझं पोट आहे.

आधी एक खुलासा. आमच्या महाराष्ट्रात ‘डीजे’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत येते. गणपतीच्या मिरवणुकीत खिडक्यांची तावदानं थरथरवते ती. त्यावरून दरवर्षी वाद होतात आणि माझीही त्यावर मतं आहेत, पण ती दुसऱ्या पत्रात, दुसऱ्या पत्त्यावर. इथे डीजे म्हणजे गाण्यातून गाणं काढणारा माणूस.

पत्र मराठीत का? एक तर माझ्यासारखे डेस्कमागे उभे राहणारे इथले लोक ते वाचतील म्हणून. आणि दुसरं, जरा खोडसाळपणे: समोरचा आपल्या भाषेचा शब्दकोश देत नसेल तर नुसतं बघून बघून अर्थ लावताना काय होतं, त्याचा थोडा अनुभव तुम्हालाही यावा.

आता मुद्दा. तबलजी आणि गवई कितीही लांब फिरून आले तरी समेवर दोघं भेटले की बैठकीतल्या माना एकदम हलतात. क्लबातल्या हाउस-टेक्नोला चारच मात्रा, पण समेचा मान तोच. ठेका थांबलेला असतो, सूर चढत जातो, गर्दीचे हात वर जातात आणि मग ज्या पहिल्या मात्रेवर ठेका परत पडतो, नेमक्या तिच्यावर माझे सगळे मूव्हिंग हेड (फिरत्या मानेचे दिवे) उघडले पाहिजेत. अर्ध्या मात्रेने चुकलं तर येऊन कुणी तक्रार करत नाही. लग्नात भटजींनी अक्षता आधी टाकल्यासारखं होतं फक्त.

माझ्या डेस्कवर टॅपचं बटण आहे. कानाने ठेका ऐकायचा, बोटाने चार वेळा दाबायचं, डेस्क वेग धरतो. कितीतरी वर्षं मी हेच केलं. गाणं मिनिटाला १२८ ठोक्यांचं असेल तर एक ठोका सुमारे ४६९ मिलिसेकंदांचा. माझं बोट जरा सैल पडलं आणि डेस्कने १२७.५ धरला, तर एका मिनिटात मी अर्धा ठोका मागे, दोन मिनिटांत पूर्ण एक. म्हणजे रात्रभर टॅप, टॅप, टॅप. त्यात डीजेने पिच, म्हणजे वेगाची पट्टी, सरकवला की पुन्हा पहिल्यापासून. हे चालू असताना तीन हातांवर तुमच्या यंत्राच्या पडद्यावर लख्ख आकडा दिसत असतो: १२८.००. यंत्राला माहीत आहे. ते शेजारच्या यंत्रालाही सांगतंय. मलाच तेवढं ऐकू येत नाही.

ते ऐकू येतं हे मला एका डीजे मित्राने दाखवलं. त्याने माझा लॅपटॉप सीडीजेंना एकत्र जोडणाऱ्या नेटवर्क स्विचमध्ये जोडला, बीट लिंक ट्रिगर नावाचं मोफत सॉफ्टवेअर उघडलं, आणि पडद्यावर चारही प्लेअर आले: कोण वाजतोय, कुठलं गाणं, वेग किती, चारातली कितवी मात्रा. रिकाम्या हॉलमध्ये, दुपारी चार वाजता, झाडूवाल्या मावशी खुर्च्या सरकवत असताना मी एक ते चार पुन्हा पुन्हा मोजत बसलो होतो आणि पडदा माझ्याबरोबर मोजत होता. त्या रात्री टॅपच्या बटणाला मी हात लावला नाही.

हे सॉफ्टवेअर तुमचं नाही, हे तुम्ही जाणताच. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात जेम्स एलियट नावाचे प्रोग्रामर आहेत. ‘आफ्टरग्लो’ हे त्यांचं स्वतःचं लाइट चालवायचं सॉफ्टवेअर. ते सीडीजेंच्या तालात चालावं असं त्यांना वाटलं, म्हणजे माझीच गरज. तपशील कुठेच छापलेला नव्हता, तेव्हा त्यांनी केबलमधून काय वाहतंय ते बघायला सुरुवात केली. त्यातून जी टिपणं झाली त्या प्रकल्पाला त्यांनी ‘डिसेंट्री’ हे नाव दिलं. (हगवण! आमच्याकडे असं नाव ठेवलं असतं तर बारसंच मोडलं असतं.) जगभरातून माणसं येत गेली, आपापल्या यंत्रांवर पकडलेली पॅकेटं (केबलमधून जाणारे छोटे संदेश) पाठवत गेली. एव्हान पर्किझर यांनी तीच भाषा बोलणारी लायब्ररी टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली, कुणी पायथनमध्ये लिहिली. सगळं उघडं, फुकट, टिपणांसकट.

हे काम कसं होतं ते सांगतो. ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग’ म्हटलं की काही लोकांना कुलूप फोडणारा चोर दिसतो, म्हणून सांगणं भाग आहे. यात यंत्र उघडलं जात नाही, कुणाचा प्रोग्राम उकलला जात नाही. वायरशार्क नावाचं नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे, १९९८ पासूनचं. ते लावायचं. मग सीडीजेवर एक, फक्त एक गोष्ट बदलायची आणि आकड्यांच्या त्या रानात काय हललं ते बघायचं. गाणं १२८ वर आणलं की एका जागी ३२ ०० हे दोन बाइट दिसतात. सोळाच्या पाढ्याने हा आकडा सोडवला तर १२,८०० येतो, म्हणजे वेगाची शंभरपट. दशांश चिन्ह टाळायची किराणा दुकानदाराची युक्ती, रुपयांऐवजी पैशात हिशोब. पिचची पट्टी मधोमध असली की दुसरीकडे १० ०० ०० येतो. गाणं पूर्ण थांबलं की तिथे शून्य, दुप्पट वेगाला २० ०० ००. असं एकेक दाणा टिपत जायचं. काही बाइट कशाचे आहेत ते वर्षानुवर्षं लागत नाही, तिथे टिपणात प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जायचं.

प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला तेच ते दहा बाइट असतात: ५१ ७३ ७० ७४ ३१ ५७ आणि पुढचे चार. अक्षरं म्हणून वाचले तर कशाचाच अर्थ लागत नाही. पत्राच्या माथ्यावर आम्ही ‘श्री’ लिहितो तसे तुमच्या कुणा इंजिनिअरने ते एकदा लिहिले असावेत, आणि तेव्हापासून प्रत्येक संदेशावर ते आहेत. मला हा माणूस आवडतो, कोण आहे ते कळलं तर माझा नमस्कार सांगा.

त्याच्या कामाचंही कौतुक करायचं आहे, कारण रचना खरोखर नेटकी आहे. पोर्ट म्हणजे नेटवर्कवरची नंबर दिलेली खिडकी. पोर्ट ५०००० वर प्रत्येक यंत्र ‘मी आहे, माझा नंबर अमुक’ असं दर दीड सेकंदाने सांगत राहतं. ५०००१ वर ठोके: प्रत्येक ठोक्याला प्लेअर सगळ्यांना ओरडून सांगतो की आत्ता चारातली कितवी मात्रा आहे, पुढचा ठोका किती मिलिसेकंदांनी, पुढची सम किती मिलिसेकंदांनी. ५०००२ वर सुमारे दर २०० मिलिसेकंदांनी सविस्तर हालहवाल. मिक्सर सांगतो की कुठल्या प्लेअरचा आवाज खरोखर बाहेर जातोय. ही शेवटची गोष्ट माझ्यासाठी सोन्याची आहे. कारण डीजे हेडफोनमध्ये पुढचं गाणं लावून बघत असतो, त्याच्या ठेक्यावर लाइट नाचले तर ते बरोबर वाजूनही चूकच. आणि २०२० च्या सीडीजे-३००० ने तर कमाल केली. सुमारे दर ३० मिलिसेकंदांनी ते सांगतं की प्लेहेड, म्हणजे वाजण्याची जागा, गाण्यात नेमका कुठे आहे, डीजे मागेपुढे घासत असला तरी.

इतकं सगळं तयार आहे. फक्त कागद नाही. कागद नसला की काय होतं त्याचं एक उदाहरण. ठोक्याच्या पॅकेटमधले ते मिलिसेकंद गाण्याच्या मूळ वेगाने मोजलेले असतात. डीजेने पिच वाढवलेला असेल तर भागाकार आपला आपण करायचा. तुमच्याकडून ही एक ओळ आली असती तर दोन मिनिटांचं काम. ती नाही म्हणून कुणीतरी कुठेतरी रात्र घालवून ती शोधून काढली.

किंवा सोंगाची गोष्ट घ्या. सविस्तर हालहवाल प्लेअर फक्त आपल्या भाऊबंदांना पाठवतात, त्यामुळे लॅपटॉपला नेटवर्कवर येऊन आपणही सीडीजेच असल्याची बतावणी करावी लागते. आमच्याकडे बहुरूपी असतात. पोलिसाचा वेष करून दारात येतात, तुमच्यावर वॉरंट आहे म्हणतात, मग हसून दक्षिणा मागतात. बीट लिंक तसंच बहुरूपी बनून उभं राहतं. पण गाण्याचं नाव, कलाकार, वेव्हफॉर्म विचारायचं झालं तर प्लेअरचा डेटाबेस फक्त एक ते चार नंबरच्या पाहुण्याला वाढतो. चार खऱ्या सीडीजे पंगतीला बसल्या की बहुरूप्याला पाट उरत नाही. मग या मंडळींनी स्वयंपाकघराचं मागचं दार शोधलं. एका प्लेअरच्या पेनड्राइव्हवरचं गाणं दुसऱ्यावर वाजावं म्हणून तुमचे प्लेअर एनएफएस (नेटवर्कवरून फाइली देणारी व्यवस्था) सर्व्हर चालवतात, आवृत्ती दुसरी. त्या वाटेने अख्खी डेटाबेस फाइलच उतरवून घ्यायची आणि ती स्वतः वाचायची. ‘क्रेट डिगर’ नावाचं सॉफ्टवेअर हे काम करतं. फाइलची रचनाही अशीच बाइट मोजून मोजून लावलेली.

इथे मी जरा थांबतो, कारण मला यातली गंमत तुमच्या लक्षात आणून द्यायची आहे. एनएफएस तुमचं नाही. सन कंपनीने ते १९८० च्या दशकात बनवलं आणि दुसऱ्या आवृत्तीचा तपशील १९८९ मध्ये सगळ्यांसाठी छापला. खालचं यूडीपी, टीसीपी, इथरनेट, सगळं छापील, सगळं उघडं. तुमचं घर दुसऱ्यांनी खुल्या दिलेल्या विटांचं आहे. कुणी तुमच्याकडे पैसे मागितले नाहीत, मागूही नयेत. पण त्या घराला नकाशा विचारणाऱ्यांसाठी पाटी कुठली, तर ‘आत येण्यास मनाई’.

माझ्या धंद्याकडे बघा. लाइटकडे जाणारी डीएमएक्स ५१२ ही भाषा अमेरिकेतल्या रंगभूमीच्या तंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६ मध्ये ठरवली. ती नेटवर्कवरून नेणारं आर्ट-नेट १९९८ मध्ये इंग्लंडच्या आर्टिस्टिक लायसन्सने आणलं आणि वापरायला सगळ्यांना मोकळं ठेवलं. म्हणून बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाजवळून घेतलेला स्वस्तातला नोड आणि जर्मनीहून आलेला महागडा डेस्क पहिल्याच केबलला एकमेकांशी बोलतात. आर्टिस्टिक लायसन्स त्यामुळे बुडाली नाही. उलट त्यांचं नाव माझ्या प्रत्येक डब्यावर आहे.

आणि मिडी, वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा! ते तर तुमच्या देशाचंही देणं. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतल्या सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ, दोन स्पर्धक कंपन्यांची माणसं. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात एकाचा जुपिटर-६ आणि दुसऱ्याचा प्रॉफेट-६०० एका केबलने जोडून दाखवला. यामाहा, कॉर्ग, कावाई बरोबर होत्याच. परवान्याचे पैसे घ्यायचे नाहीत असं ठरलं. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांना त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी मिळालं. आज माझ्या मुलीच्या खेळण्यातल्या कीबोर्डलाही मिडी आहे. तुमच्या यंत्रांच्या पाठीमागेही मिडी चालतं. तपशील खुला करणं जपानी कंपनीच्या वळणात बसत नाही, असं काही नाही, एवढंच म्हणायचंय.

आता माझी खरी काळजी. ती मागची नाही, पुढची आहे.

वाशीच्या बाजारात हापूसचा सौदा रुमालाखाली व्हायचा. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव ठरतो, शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. शेतकरी तर बाजूलाच, त्याच्याच आंब्याचा भाव त्याला नंतर समजतो. जुनं प्रो डीजे लिंक हा उघडा लिलाव आहे: ओरडून सांगितलेलं, ऐकणाऱ्याने ऐकावं. नवी यंत्रं रुमाल पांघरू लागली आहेत. डीजे गाणी लावून ठेवतात त्या तुमच्या सॉफ्टवेअरच्या, २०२० च्या रेकॉर्डबॉक्स ६ पासून संगणकावरची लायब्ररी कुलूपबंद झाली. गाण्याचे भाग दाखवणारी माहिती, म्हणजे इंट्रो कुठे, कोरस कुठे, ती पेनड्राइव्हवर जाताना मुद्दाम गिचमिड केली जाऊ लागली. (तीही लोकांनी सोडवली, पण ते असो.) २०२३ च्या ओपस क्वाड या तुमच्या यंत्राने जुनी भाषा सोडलीच, बीट लिंकला तिथे अर्धवटच ऐकू येतं, गाण्यांची माहिती शोच्या आधीच पेनड्राइव्हवरून वेगळी काढून ठेवावी लागते. त्या यंत्राबरोबर पेनड्राइव्हवरचा नवा साठाही आला, डिव्हाइस लायब्ररी प्लस, तोही एनक्रिप्टेड.

या साठ्यात तुमचं काय आहे आणि डीजेचं काय आहे? गाणी त्याने विकत घेतली. हॉट क्यू (गाण्यात थेट उडी मारायच्या खुणा) त्याने लावले, ठेक्याच्या जाळीत जिथे यंत्र चुकलं तिथे त्याने रात्री बसून हाताने दुरुस्त केलं, प्लेलिस्टची नावं त्याची. ‘पावसातलं’, ‘दोन नंतर’, ‘काकू नाचतील’ अशा नावाच्या प्लेलिस्ट मी पाहिल्या आहेत. या नावांना कुलूप कशासाठी? आंबा त्याचा, रुमाल तुमचा.

तुमच्या बाजूनेही मी विचार केला आहे. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा असेल: बाहेरचा लॅपटॉप जोडला आणि शो पडला तर शिव्या आम्हाला. खरं आहे. माझाच किस्सा सांगतो. लोणावळ्याला एका लग्नाच्या संगीतात मी स्विच नीट लावायच्या नादात चुकीची केबल उपटली. दोन नंबरची सीडीजे त्या क्षणी एक नंबरच्या पेनड्राइव्हवरचं गाणं वाजवत होती. माझ्या पोटात गोळा आला. पण गाणं थांबलं नाही. तुमच्या यंत्राने आपणहून चार ठोक्यांचा इमर्जन्सी लूप धरला, तेच ते चार ठोके फिरत राहिले, डीजेने माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकली आणि दुसरं गाणं आत घेतलं. वऱ्हाडाला वाटलं मुद्दाम केलंय, शिट्ट्या पडल्या. चूक पूर्णपणे माझी, लाज राखली तुमच्या इंजिनिअरांनी. तेव्हापासून सीडीजेंचा स्विच वेगळा, त्यात वायफाय नाही, हॉटेलचं इंटरनेट नाही, केबलींना रंगीत टेप. पण हे नियम मला कुठून कळले? अनोळखी लोकांच्या टिपणांतून. माहिती लपवल्याने माझी केबल सुरक्षित झाली नव्हती. ‘बघ्या म्हणून यायचं असेल तर असं या, हे पाठवू नका, इतक्या वेळात इतकंच विचारा’ असा अधिकृत कागद असता तर कदाचित मी ती केबल उपटलीच नसती.

दुसरा आक्षेप: आमचा अधिकृत रस्ता आहे की. आहे. तुमचं प्रो डीजे लिंक ब्रिज हे सॉफ्टवेअर आहे, त्याला जोडणारी शोकंट्रोलसारखी व्यावसायिक सॉफ्टवेअर आहेत, मोठ्या फेस्टिव्हलमध्ये ती चालतात आणि चांगली चालतात. मी त्यांच्या विरोधात नाही. पण तो रस्ता निवडक दारांशी जातो. कॉलेजमधली मुलगी रास्पबेरी पाय या स्वस्त, छोट्या संगणकावर एलईडीची पट्टी ठेक्याबरोबर चमकवायला बघते, तिच्यासाठी त्या रस्त्यावर थांबा नाही. आणि उद्या तुमच्याकडे नोकरीला येणार असेल तर तीच येईल.

तिसरा आक्षेप तुम्ही उघड बोलणार नाही, पण असणारच: स्पर्धक. याबाबत मी स्पष्ट लिहितो. तुमचं पहिलं सीडीजे १९९४ चं, सीडीजे-१००० आलं २००१ मध्ये, केबलने एकमेकांशी बोलणारं सीडीजे-२००० आलं २००९ मध्ये. इतक्या वर्षांत क्लबच्या मांडणीत तुमची जागा इतकी पक्की झाली आहे की ती एका पॅकेटच्या वर्णनाने हलणार नाही. उलट तुम्ही सेराटो ही डीजे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी विकत घ्यायला निघालात तेव्हा न्यूझीलंडच्या स्पर्धा नियामकाने २०२४ मध्ये परवानगी नाकारली, स्पर्धा कमी होईल म्हणून. म्हणजे तुम्ही लहान आहात म्हणून कुणी चिंतेत नाही. इतक्या मोठ्या घराने ‘आमची दारं इतरांच्या सॉफ्टवेअरला मोकळी आहेत’ असं कागदावर दाखवणं तुमच्याच सोयीचं आहे. संगीताचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एबलटनने २०१६ मध्ये त्यांच्या लिंकचा (ॲपांचे ठेके एकमेकांशी जुळवणाऱ्या तंत्राचा) सोर्स खुला केला. आज टेम्पो जुळवायचा म्हटलं की आयपॅडवरची लहान ॲपसुद्धा आधी त्यांचंच नाव घेतात.

कायद्याचा विषय मी थोडक्यात संपवतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ (१) मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली: कायदेशीररीत्या प्रोग्राम ज्याच्याकडे आहे त्याला, आपला स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्राम त्याच्याशी जोडता यावा म्हणून लागणारी माहिती मिळवण्यासाठी जरूर ते करता येतं, ती माहिती एरवी सहज उपलब्ध नसेल तर. त्याच्या शेजारचीच तरतूद प्रोग्राम चालताना त्याचं निरीक्षण करायला मोकळीक देते. युरोपात अशी मुभा १९९१ च्या निर्देशापासून आहे. तिथे तर सांबा या, विंडोजशी फाइली देवघेव करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींना मायक्रोसॉफ्टकडून कागद मिळायला स्पर्धा आयोग आणि कोर्टाची सगळी वाट चालावी लागली. डिसेंबर २००७ मध्ये अखेर १०,००० युरो भरून कागद हातात आले. आम्ही त्या वाटेने येऊ इच्छित नाही. आम्हाला तारखा परवडत नाहीत, रात्री शो असतात.

मागणं मोठं नाही. रेकॉर्डबॉक्सचा सोर्स नको, गाण्यांचं विश्लेषण तुम्ही कसं करता ते नको, यंत्राच्या आतलं काही नको. तीन पोर्टवरून जे आधीच उघड्यावर वाहतंय, त्याचं वर्णन छापा. जे जेम्स एलियट आणि मंडळींनी लिहून ठेवलंय, त्यात बरोबर काय आणि चूक काय तेवढं जरी सांगितलंत तरी अर्धं काम झालं. तुमच्या एका इंजिनिअरचा आठवडा जाईल. नेटवर्कवर बघ्यासाठी एक नंबर राखून ठेवा, जो गाणं मागणार नाही, लोड करणार नाही, फक्त ऐकेल. मग बहुरूप्याला पोलिसाचा वेष घालायची गरज नाही, तो आपल्या नावाने दारात उभा राहील. नव्या यंत्रांतही हे ऐकणं चालू ठेवा, आणि भाषा बदलायची असेल तर फर्मवेअरच्या टिपणात आधी एक ओळ लिहा. पेनड्राइव्हवरच्या डीजेच्या स्वतःच्या नोंदी त्याला हव्या त्या प्रोग्रामने वाचता याव्यात. आणि जी माणसं दहा वर्षं बिनपगारी तुमच्या यंत्रांचं व्याकरण लिहीत आहेत, त्यांच्यामागे वकील लागणार नाही, हे तुमच्या सहीनिशी येऊ दे. असं कधी झालंय असं माझं म्हणणं नाही. पण तुमची सही असली की नवा पोरगा हात लावायला घाबरणार नाही.

तुमच्याकडून कागद जपानीत आला तरी चालेल, इंग्रजीत आला तरी चालेल. मराठी भाषांतर मी करतो, पैसे घेणार नाही. ‘बीट’ला ठोका म्हणायचं की मात्रा, यावरून इथे आमच्यात आठवडाभर भांडण होईल, तेवढी मुदत धरा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक लाइटवाला, पुणे

ता. क. ते दहा बाइट लिहिणाऱ्या इंजिनिअरचं वर म्हटलंच आहे. ते अजून कंपनीत असतील तर त्या अक्षरांचा अर्थ काय, तेवढं तरी कळवा. बाकीचं सगळं आम्ही शोधून काढू.